हवाई अंतराची अट : संरक्षण कोणाचे?

दोन साखर कारखान्यांमधील सरळ रेषेतील किमान अंतरास ‘हवाई अंतर’ म्हणतात. केंद्राने २००६ मध्ये ऊस नियंत्रण आदेशात दुरुस्ती करून ते १५ किलोमीटर ठरविले. महाराष्ट्राने पुढे ते २५ किलोमीटर केले.

नगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात हा वाद जिव्हाळ्याचा आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी कारखाना येथेच उभा राहिला. अटीचे समर्थक म्हणतात, पुरेसा ऊस न मिळाल्यास कारखाना कर्जात बुडतो आणि सभासदांचे भागभांडवलही धोक्यात येते.

शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने मुक्त बाजारपेठेचा आग्रह धरून असल्या बंधनांना विरोध केला. तोडलेल्या उसाचे वजन व उतारा लवकर घटतो. तो दूर नेणे परवडत नाही. म्हणून जवळचा कारखाना हाच एकमेव गिऱ्हाईक ठरतो. स्पर्धक जवळ येऊ दिला, तरच दर वाढेल, असा हा युक्तिवाद आहे.

रंगराजन समितीने २०१२ मध्ये ही अट काढण्याची शिफारस केली. केंद्राने २०१३ मध्ये लेव्ही साखर रद्द केली. अंतराचा निर्णय मात्र राज्यांवर सोपविला.