विद्युत सायकल : आज्ञा पायाची आणि बोटाची

विद्युत सायकलीच्या हँडलवरची बटणे पाहिली की तिच्या नियंत्रणाचा इतिहास बोटांपासून सुरू होतो असे वाटते. खरे तर तो पायापासून सुरू होतो. १९९३ साली जपानमध्ये यामाहाने ‘पास’ ही सायकल आणली. तिला वेग देण्यासाठी मूठ पिळावी लागत नसे. पेडलवरचा दाब सेन्सर मोजी आणि त्या मानाने मोटर जोर लावी. यामागे कायदाही होता. मोटरचा जोर माणसाच्या जोरापेक्षा अधिक नाही आणि ताशी २४ किलोमीटरला मदत पूर्ण बंद, या अटींमुळे ती जपानमध्ये मोपेड न ठरता सायकलच राहिली. चालवायला परवाना लागला नाही.

गिअरचे वळण निराळे. खटका ओढताना तारेतून साखळीची हालचाल बोटाला कळत असे. शिमानोच्या ड्युरा-एस डीआय२ (२००९) मध्ये बोट फक्त स्विच दाबते, साखळी हलवते छोटी मोटर. श्रम वाचले, पण ती जाणीव गेली. हा सौदा फायद्याचाच होता असे मला वाटत नाही.

पुढे टचस्क्रीन आली. काचेला ना धार, ना उठाव. शिवाय पावसाचे थेंब आणि जाड हातमोजे तिला चकवतात. म्हणूनच बॉशने ‘नायॉन’च्या नंतरच्या आवृत्तीत टचस्क्रीन दिली, तरी मुठीजवळची बटणे ठेवली. नजर रस्त्यावर असताना अंगठ्याला तीच सापडतात.