कमी पैशांत, मोजक्या माणसांत आपला चित्रपट : पुण्यातल्या तरुणांसाठी माहिती

येरवडा, ताडीवाला रोड, बोपोडी, दांडेकर पूल या भागांत काम करताना एक प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. "आमच्याकडे गोष्ट आहे, कॅमेरा मिळतो, पाच-सहा पोरं तयार आहेत. पूर्ण लांबीचा चित्रपट करता येईल का?" करता येईल. मात्र तो कुणाच्या खिशातून आणि कुणाच्या मजुरीतून उभा राहणार, हे आधी ठरवावे लागेल. ही माहिती त्यासाठी एकत्र केली आहे.

पुण्यातले उदाहरण : सुमित्रा भावे

समाजकार्यातून चित्रपटाकडे जाणारी वाट पुण्यात आधीच तयार झालेली आहे. सुमित्रा भावे समाजशास्त्राच्या अभ्यासक होत्या. कर्वे समाजसेवा संस्थेत त्यांनी अनेक वर्षे शिकवले. वस्तीतल्या स्त्रियांवर संशोधन करताना त्यांना प्रश्न पडला की, ज्यांच्याविषयी अहवाल लिहायचा त्यांना तो वाचताच येत नसेल, तर तो त्यांच्यापर्यंत पोहोचणार कसा? त्यातून १९८५ साली 'बाई' हा लघुपट झाला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले सुनील सुकथनकर त्यांच्यासोबत आले. पुढे दोघांनी मिळून 'दोघी', 'दहावी फ', 'वास्तुपुरुष', 'देवराई', 'अस्तु' असे चित्रपट केले. 'कासव'ला ६४ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले.

यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली म्हणजे पटकथा, कलादिग्दर्शन, गीते अशी बरीच कामे या दोघांनी स्वतःच केली. दुसरी म्हणजे 'बाई' १९८५ चा आणि पहिला पूर्ण लांबीचा 'दोघी' १९९५ चा. मधली दहा वर्षे लहान कामांतून शिकण्यात गेली. थेट दोन तासांच्या चित्रपटाला हात घालणाऱ्या मित्रांनी हे लक्षात ठेवावे. आधी दहा मिनिटांचा एक लघुपट पूर्ण करा आणि तो वस्तीत दाखवा. नागराज मंजुळे यांचा 'पिस्तुल्या' हा लघुपट आधी झाला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि 'फँड्री' त्यानंतर आला.

गोष्ट, गाव आणि चेहरे

बजेट कमी असले की खर्च वाचवण्याचे पहिले ठिकाण म्हणजे पटकथा. गोष्ट तीन-चार जागांत आणि सहा-सात पात्रांत घडणारी हवी. रात्रीची दृश्ये, गर्दी, पाऊस आणि चालती वाहने यांचा खर्च मोठा असतो, म्हणून ती खरोखर लागतील तिथेच लिहावीत.

कलाकार ओळखीचा असलाच पाहिजे असे नाही. 'फँड्री'तला जब्या साकारणारा सोमनाथ अवघडे हा करमाळा तालुक्यातला हलगी वाजवणारा मुलगा. त्याला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे यांची भूमिका नागपूरचे आंबेडकरी कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. चळवळीत हयात घातलेल्या माणसाच्या बोलण्या-चालण्यातले खरेपण पैसे मोजून आणता येत नाही. आपल्या वस्त्यांत असे चेहरे भरपूर आहेत. त्यांच्यासोबत दोन-तीन महिने तालीम करायला हवी, एवढेच.

बारा माणसांची टीम

आमच्या हिशेबाने बारा माणसांत काम भागते : दिग्दर्शक, दोन सहायक (त्यांतल्या एकाने फक्त कंटिन्यूइटी पाहायची), कॅमेरामन आणि त्याचा सहायक, ध्वनिमुद्रक आणि बूम धरणारा, कला आणि वेशभूषा सांभाळणारे दोघे, एक लाइटमन आणि प्रॉडक्शन पाहणारे दोघे.

कॅमेरा भारीच हवा, हा तरुणांचा आवडता गैरसमज आहे. चित्र थोडे साधे असले तरी प्रेक्षक चालवून घेतात, पण संवाद ऐकू आला नाही तर ते उठून जातात. भाऊराव कऱ्हाडे यांच्या 'ख्वाडा'ला ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शनासाठी परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. त्याचबरोबर चित्रीकरणस्थळी केलेल्या ध्वनिमुद्रणाचाही पुरस्कार मिळाला, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. बजेट कापायचे असेल तर कॅमेऱ्याच्या भाड्यात कापा, माईक आणि ध्वनिमुद्रक यांत कापू नका.

पैशाचा हिशेब

एक साधे गणित पाहा. बारा जणांची टीम आणि १८ दिवसांचे चित्रीकरण. दिवसाला दोन जेवणे धरली तर ४३२ ताटे होतात. ताटाला १०० रुपये धरले तरी ४३,२०० रुपये. यात कलाकार, चहा, नाश्ता, टेम्पो, डिझेल काहीच धरलेले नाही. त्यामुळे 'आपलीच पोरं आहेत, होऊन जाईल' असे म्हणून सुरुवात केली की बाराव्या दिवशी काम थांबते. संकलन, ध्वनिमिश्रण, रंगसंगती आणि सेन्सॉर यांचे पैसे चित्रीकरणाआधी वेगळे काढून ठेवावेत. अर्धवट राहिलेले बहुतेक चित्रपट याच टप्प्यावर अडकतात.

पैसा उभा करण्याचे मार्ग वेगवेगळे आहेत. कऱ्हाडे यांनी 'ख्वाडा'साठी शेतजमीन विकली. त्यांची जिद्द मोठी आहे, पण आम्ही कुणाला हा सल्ला देणार नाही. एका चित्रपटाला यश मिळते, तेव्हा जमीन विकून हाती काहीच न लागलेले किती जण असतील ते आपल्याला कळतही नाही. आईचे दागिने आणि सावकाराचे व्याज यांपासून लांब राहा.

वर्गणीचा मार्ग आपल्या समाजाला परका नाही. श्याम बेनेगल यांच्या 'मंथन'साठी गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचेच विद्यार्थी असलेले जॉन अब्राहम यांनी केरळात 'ओडेसा' हा गट उभा केला. गावोगाव चित्रपट दाखवून लोकांकडून पैसा जमवला आणि १९८६ साली 'अम्मा अरियान' केला. वर्गणी घेतली तर पावती द्यायची, स्वतंत्र बँक खाते ठेवायचे आणि दर महिन्याला हिशेब विहारात वाचून दाखवायचा. राज्य शासनाचे मराठी चित्रपटांसाठीचे अनुदान चित्रपट पूर्ण झाल्यावर मिळते, म्हणून ते चित्रीकरणाच्या पैशांत धरू नये.

चळवळीच्या नावाने फुकट काम नको

हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका लघुपटाच्या वेळी लाइट उचलायला वस्तीतला एक तरुण आठ दिवस आमच्यासोबत होता. तो रोजंदारीवर काम करणारा होता. 'मिशनचं काम आहे' म्हणून त्याने पैसे मागितले नाहीत आणि आम्हीही विचारले नाही. महिनाअखेरीस त्याच्या घरचे भाडे थकले, ते आम्हाला दुसऱ्याकडून कळले. श्रमाचे मोल मागायला शिकवणाऱ्या चळवळीत आम्ही हे केले, याची लाज वाटली.

तेव्हापासून आमचा नियम आहे : रोजंदारी बुडते त्या प्रत्येकाला रोज मिळालाच पाहिजे. जे मानधन सोडायला तयार आहेत त्यांच्याशीही लेखी करार करावा. काम काय, दिवस किती, श्रेयनामावलीत नाव कसे येणार आणि पुढे पैसे आले तर वाटा किती, हे त्यात हवे. टीममधल्या मुलींसाठी स्वच्छतागृह आणि रात्री घरी पोहोचवण्याची सोय हा बजेटचाच भाग समजावा.

कायदा आणि परवानग्या

• चित्रीकरण : रस्ता, उद्यान, नदीघाट यांसाठी महापालिका व पोलिसांची परवानगी लागते. राज्याची एक खिडकी योजना गोरेगावच्या चित्रनगरीमार्फत चालते. विहारात चित्रीकरण असेल तर विश्वस्तांचे लेखी पत्र घ्यावे.

• मुले : १४ वर्षांखालील बालकलाकारासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांहून जास्त काम देता येत नाही. त्याच्या मानधनाचा किमान २० टक्के भाग त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवावा लागतो.

• प्राणी : शेळी, डुक्कर, बैल पडद्यावर दाखवायचे असतील तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी आधी घ्यावी.

• गाणी : भीमगीत सगळ्यांच्या ओठांवर असले म्हणून ते फुकट वापरता येत नाही. कवीच्या निधनानंतर ६० वर्षे हक्क राहतो. वामनदादा कर्डक २००४ साली गेले, म्हणजे त्यांच्या रचनांचे हक्क २०६४ अखेरपर्यंत आहेत. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो.

• सेन्सॉर : सार्वजनिक प्रदर्शनासाठी प्रमाणपत्र लागते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर 'यूए' गटात ७, १३ आणि १६ वर्षे असे तीन भाग झाले आहेत.

दाखवायचे कुठे, हे आधी ठरवा

'अस्तु' २०१३ साली तयार होता, चित्रपटगृहांत तो २०१६ साली आला. नावाजलेल्या दिग्दर्शकांची ही गत, तर नवख्यांना मल्टिप्लेक्सचे खेळ कसे मिळणार? डॉ. मोहन आगाशे यांनी 'अस्तु' आणि 'कासव' ठिकठिकाणी नेले आणि खेळानंतर प्रेक्षकांशी चर्चा केली. हा मार्ग आपल्याला जमण्यासारखा आहे. विहार, वसतिगृहे, महाविद्यालये, महिला मंडळे, जयंती मंडळे हे जाळे इतर कुठल्याही नवख्या निर्मात्याकडे नाही. पटकथा पूर्ण होताच अशा ५० जागांची यादी करा, तिथल्या कार्यकर्त्यांशी बोला आणि एका खेळामागे किती वर्गणी जमू शकेल ते लिहून काढा. तो आकडा हेच तुमचे बजेट समजा. त्याहून मोठा चित्रपट सध्या लिहू नका.

शिकायला पुण्यासारखे शहर नाही. लॉ कॉलेज रोडवर, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, १९६० साली सुरू झालेली फिल्म इन्स्टिट्यूट आहे. त्याच रस्त्यावर १९६४ साली स्थापन झालेले राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथले खेळ पाहा, ग्रंथालयाची चौकशी करा. येत्या रविवारी विहारात पाच जण बसा, प्रत्येकाने आपली गोष्ट एका पानात लिहून आणा आणि मोठ्याने वाचा. ज्या गोष्टीवर वस्तीतली बाई बोलायला लागेल, ती गोष्ट आधी करा.

जय भीम.