गॅलन

गॅलन : द्रवपदार्थांचे आकारमान मोजण्याचे मूळ इंग्लंडमधील एकक. पाइंट, द्रव औंस व स्वयंपाकातील कप ही मापे त्याच्याशी जोडलेली आहेत (पहा : पाइंट, लिटर).

इंग्लंडमध्ये वाइनचा गॅलन २३१ घन इंचांचा, तर बिअरचा २८२ घन इंचांचा असे. १८२४ च्या ब्रिटिश कायद्याने हे भेद मोडून ६२° फॅरनहाइट तापमानाच्या १० पौंड पाण्याचे आकारमान म्हणजे इंपीरियल गॅलन, असे ठरविले. अमेरिकेने वाइनचा जुना गॅलनच चालू ठेवला. एका नावाची दोन मापे टिकली ती यामुळे.

इंपीरियल गॅलन ४.५४६ लिटर, अमेरिकी ३.७८५ लिटर. दोन्हींत पाइंट ८ च, पण इंपीरियल पाइंटात २० औंस (५६८ मिलि.), अमेरिकी पाइंटात १६ (४७३ मिलि.). औंसाचे मात्र उलट आहे : इंपीरियल २८.४ मिलि., अमेरिकी २९.६ मिलि. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलि., ऑस्ट्रेलियातील २५० मिलि.; तेथील मोठा चमचाही १५ ऐवजी २० मिलि.चा असतो. त्यामुळे पाककृती कोणत्या देशातील, हे कळल्याशिवाय रूपांतर करता येत नाही.

जुन्या भारतीय मापांतील शेराचे मिलिलिटरमध्ये रूपांतर मात्र वेगळ्या रीतीने होते. ८० तोळ्यांचा शेर हे वजन (सु. ९३३ ग्रॅ.) असल्याने घनताही लागते : पाणी ९३३ मिलि., दूध सुमारे ९०६ मिलि. (पहा : घनता, शेर).