संसदेतला एक साधा दिवस आणि आपल्या मुलांची शिष्यवृत्ती

तळेगाव (श्यामजी पंत) हे आमचं गाव नागपूर-अमरावती महामार्गावर, वर्धा जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात आहे. इथून दिल्ली लांब. संसद म्हटली की लोकांना आठवतो तो गोंधळ, हातातले फलक, सभात्याग आणि मध्यरात्रीचं मतदान. २ एप्रिल २०२५ च्या रात्री वक्फ दुरुस्ती विधेयकावर लोकसभेत चर्चा सुरू होती, तेव्हा आपल्या कितीतरी घरांत लोक मोबाइल घेऊन जागे होते. मध्यरात्र उलटल्यावर २८८ विरुद्ध २३२ मतांनी विधेयक मंजूर झालं, आणि सकाळी चहाच्या टपरीवर हे आकडे प्रत्येकाच्या तोंडी होते.

असे दिवस थोडे. अधिवेशनाचे बाकीचे दिवस साधे असतात. प्रश्न विचारले जातात, कागद ठेवले जातात, अहवाल येतात आणि संध्याकाळी सभागृह उठतं. त्यात पाहण्यासारखं काही नाही, असं आपण समजतो. मात्र आपल्या मुलांच्या दप्तरापर्यंत आणि फीपर्यंत पोहोचणाऱ्या कितीतरी गोष्टी अशाच साध्या दिवशी घडतात. म्हणून अशा दिवसाचं कामकाज कसं चालतं आणि त्यात आपल्याला कुठे जागा आहे, ते या लेखात सांगत आहोत.

दोन गुरुवार

३० नोव्हेंबर २००६, गुरुवार. या दिवशी न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल संसदेत सभापटलावर ठेवण्यात आला. 'सभापटलावर ठेवणे' म्हणजे कागद सभागृहाला अधिकृतपणे सादर करणे. हे काम काही क्षणांत उरकतं. पण मुस्लिम समाजाचं शिक्षण, नोकरी आणि बँक कर्ज यांची सरकारी आकडेवारी त्या दिवशी देशाच्या दप्तरात दाखल झाली. त्याच वर्षाच्या सुरुवातीला, २९ जानेवारी २००६ रोजी, केंद्रात अल्पसंख्याक मंत्रालय स्थापन झालं होतं. २००८ मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती सुरू झाली आणि २००९ मध्ये उच्च संशोधनासाठी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप.

८ डिसेंबर २०२२, पुन्हा गुरुवार. हिवाळी अधिवेशनाचा हा दुसरा दिवस. केरळमधील त्रिशूरचे खासदार टी. एन. प्रतापन यांच्या प्रश्नाला तेव्हाच्या अल्पसंख्याक मंत्री स्मृती इराणी यांनी लेखी उत्तर दिलं. मौलाना आझाद फेलोशिप २०२२-२३ पासून बंद करण्याचा निर्णय झाला आहे, असं त्यात सांगितलं होतं. कारण दिलं ते असं की ही योजना इतर फेलोशिप योजनांशी एकमेकांत मिसळते आणि त्या योजनांचा लाभ अल्पसंख्याक विद्यार्थ्यांनाही मिळतो. २०१४-१५ ते २०२१-२२ या काळात ६,७२२ उमेदवारांची निवड झाली आणि ७३८.८५ कोटी रुपये वाटले गेले, हा हिशेबही त्याच उत्तरात होता.

त्या दिवशी टीव्हीवर काय चालू होतं? गुजरात आणि हिमाचल प्रदेश विधानसभेचे निकाल. सगळा देश जागा मोजत होता. फेलोशिपचा कागद शांतपणे दप्तरात जाऊन बसला.

त्याच्या काही दिवस आधी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती फक्त नववी आणि दहावीपुरती ठेवण्यात आली. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतचं शिक्षण मोफत आहे, म्हणून पहिली ते आठवीला ती गरजेची नाही, असं कारण सांगण्यात आलं. कायदा मोफत शिक्षण देतो हे खरं. पण वही, पेन्सिल, चप्पल आणि शाळेत जायचं भाडं कायद्यात कुठे येतं? पहिली ते पाचवीच्या मुलाला वर्षाला हजार रुपये मिळायचे. शहरातल्या माणसाला ही रक्कम किरकोळ वाटेल. संत्र्याच्या बागेत मजुरीला जाणाऱ्या आईला तसं वाटत नाही. उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचं पासबुक घेऊन "सर, यंदा फॉर्म का निघत नाही?" असं विचारणाऱ्या माता-भगिनींना आम्ही शाळेच्या व्हरांड्यात उत्तर दिलेलं आहे. खरं सांगायचं तर, आमचं उत्तर तेव्हा अर्धवट होतं. निर्णय कुठे झाला, कोणी विचारलं, कुठे नोंद झाली, हे आम्हालाच नीट ठाऊक नव्हतं. त्यानंतर आम्ही संसदेच्या साध्या दिवसाकडे लक्ष द्यायला लागलो.

अकरा ते बारा : प्रश्नांचा तास

लोकसभेचं कामकाज सकाळी ११ वाजता सुरू होतं. पहिला तास प्रश्नोत्तराचा. उर्दू वर्तमानपत्रं त्याला 'वक्फा-ए-सवालात' म्हणतात. राज्यसभेत हा तास २०१४ च्या अखेरीपासून दुपारी १२ ते १ असतो.

प्रश्न मुख्यतः दोन प्रकारचे. ज्याला तोंडी उत्तर हवं, त्यावर तारा छापतात, तो तारांकित प्रश्न. ज्याला फक्त लेखी उत्तर मिळतं, तो अतारांकित. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. म्हणजे एका दिवसात सरकारला अडीचशे प्रश्न! तारांकित प्रश्नावर उपप्रश्न विचारता येतात, त्यामुळे मंत्र्याला तयारी करून यावं लागतं. मात्र तासाभरात पाच-सात तारांकित प्रश्नच पुरे होतात, बाकीच्यांची उत्तरं लेखी धरली जातात. गोंधळामुळे सभागृह तहकूब झालं तरी लेखी उत्तरं नोंदीत येतातच. सप्टेंबर २०२० मध्ये करोनामुळे प्रश्नोत्तराचा तास झाला नव्हता, पण लेखी उत्तरं तेव्हाही मिळत होती.

प्रश्नाची सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. सूचना जास्त आल्या की चिठ्ठ्या टाकून क्रम ठरतो. मंत्रालयांना आठवड्याचे वार वाटून दिलेले असतात, त्यामुळे ज्या-त्या खात्याचा प्रश्न ज्या-त्या वारीच येतो.

बारा वाजता : कागद आणि शून्य प्रहर

बारानंतर मंत्री आपापल्या खात्याचे वार्षिक अहवाल, अधिसूचना आणि हिशेब सभापटलावर ठेवतात. समित्यांचे अहवालही याच वेळी येतात. टीव्हीवर हा भाग सर्वांत कंटाळवाणा. सच्चर अहवालासारखे कागद सभागृहात येतात ते मात्र याच वाटेने.

त्यानंतर शून्य प्रहर, उर्दूत 'वक्फा-ए-सिफर'. हा शब्द संसदेच्या नियमांत नाही, प्रथेने रूढ झालेला आहे. तातडीचा विषय मांडायचा असेल तर खासदार त्याच दिवशी सकाळी १० च्या आत सूचना देतो. दोन-तीन मिनिटांत बोलायचं असतं, आणि मंत्र्याने लगेच उत्तर द्यावं असं बंधन नसतं. बोलणं मात्र कायमचं नोंदलं जातं.

दुपार : विधेयकं, नियम ३७७ आणि शुक्रवार

एक ते दोन जेवणाची सुटी. दुपारी विधेयकं, अर्थसंकल्पाच्या मागण्या आणि चर्चा. दरम्यान नियम ३७७ खाली खासदार आपल्या भागाचा विषय लेखी मांडतात. पुलगाव-आर्वी नॅरोगेज रेल्वेसारखे विषय या नियमात चपखल बसतात. खात्याकडून खासदाराला पुढे लेखी उत्तर येणं अपेक्षित असतं.

शुक्रवारी शेवटचे अडीच तास खासगी सदस्यांच्या कामाचे असतात. जो खासदार मंत्री नाही, तोही त्या दिवशी आपलं विधेयक मांडू शकतो. सभागृह चालायला एकूण सदस्यांच्या एक दशांश हजेरी लागते. याला गणपूर्ती म्हणतात. ५४३ च्या लोकसभेत हा आकडा ५५ होतो.

सहा वाजल्यानंतर

साधारण सहा वाजता सभागृह उठतं, पण काम तिथे थांबत नाही. मंत्र्याने "माहिती गोळा करत आहोत" किंवा "विचार करू" असं म्हटलं, तर ते आश्वासन धरलं जाऊ शकतं. त्यावर लक्ष ठेवायला लोकसभेत १९५३ पासून शासकीय आश्वासन समिती आहे. आश्वासन तीन महिन्यांत पुरं करावं असा दंडक आहे. मुदती वाढवून घेतल्या जातात हेही खरं, पण विचारणारी एक जागा आहे हे विसरू नये.

एका प्रश्नाने काय होतं?

१९५७ मध्ये लोकसभेत आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीबद्दल प्रश्न विचारला गेला. हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत महामंडळाने सुमारे सव्वा कोटी रुपये गुंतवले होते. फिरोज गांधी यांनी सभागृहात हा विषय लावून धरला. विशेष म्हणजे ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते. चौकशी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे गेली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. सुरुवात झाली ती एका साध्या प्रश्नाने.

आपण काय करावे?

पहिलं, विषय कोणाचा ते ओळखावं. केंद्राची शिष्यवृत्ती, राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे, हज हे विषय खासदाराकडे न्यावेत. शिक्षक भरती आणि राज्याच्या योजना आमदाराकडे. तळेगाव आर्वी विधानसभा क्षेत्रात येतं. वर्धा लोकसभा मतदारसंघात वर्धा जिल्ह्यातली चार आणि अमरावती जिल्ह्यातली दोन, धामणगाव रेल्वे आणि मोर्शी, अशी सहा विधानसभा क्षेत्रं आहेत. म्हणजे आपल्यासारखीच अडचण असलेले लोक मोर्शीतही आहेत. निवेदन सर्वांनी मिळून द्यावं.

दुसरं, निवेदनात भाषण नको. संसदेचा प्रश्न साधारण दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. त्यात आरोप, टोमणे आणि अंदाज चालत नाहीत. खासदारांच्या हाती नेमका, आकडा मागणारा प्रश्न दिला तर तो पुढे जाण्याची शक्यता वाढते.

तिसरं, अधिवेशन सुरू होण्याच्या आधी भेटावं. १५ दिवसांची सूचना लागते हे लक्षात ठेवावं. अधिवेशन संपताना दिलेला कागद हारासोबत राहून जातो.

चौथं, उत्तर वाचावं. संसदेच्या संकेतस्थळावर मंत्रालयानुसार आणि तारखेनुसार उत्तरं शोधता येतात, ती सर्वांना खुली आहेत. भाषेची भीतीही बाळगू नये. सभागृहात मराठीत बोलता येतं आणि दुभाषे ते इतर भाषांत सांगतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये लोकसभेने ही सोय उर्दूसह आणखी सहा भाषांसाठी जाहीर केली.

आमचा एक छोटा प्रयोग सांगून थांबतो. नववीच्या वर्गात आम्ही मुलांना सांगितलं, दीडशे शब्दांत सरकारला एक प्रश्न लिहा. बहुतेकांनी तक्रारी लिहिल्या. "आमच्यावर अन्याय का होतो?" असंही लिहिलं. नियम समजावून पुन्हा लिहायला लावलं. एका मुलीने मग असं लिहिलं: २०२१-२२ मध्ये पहिली ते आठवीच्या किती विद्यार्थ्यांना प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती मिळत होती, आणि त्यांपैकी किती विद्यार्थी पुढच्या तीन वर्षांत शाळेच्या पटावर राहिले नाहीत?

तिचा धाकटा भाऊ चौथीत आहे. प्रश्नात ना राग आहे, ना आरोप, पण उत्तर द्यायला मंत्रालयाला दप्तर उघडावं लागेल. तो कागद आम्ही जपून ठेवला आहे. पुढच्या अधिवेशनाच्या आधी, इन्शाअल्लाह, तो आमच्या खासदारांच्या हातात असेल.