फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉल
फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉल (एफटीपी) : संगणकांच्या जालात एका संगणकावरील फाइल दुसऱ्यावर पाठविण्यासाठी वा तेथून आणण्यासाठी ठरविलेली नियमावली. फायली पुरविणाऱ्या संगणकाला सर्व्हर व त्यांची मागणी करणाऱ्याला क्लायंट म्हणतात. एखाद्या संस्थेच्या अंतर्गत जालात सुरळीत चालणारा एफटीपी सर्व्हर बाहेरून मात्र प्रतिसाद देत नाही, किंवा पासवर्ड स्वीकारून नंतर स्तब्ध होतो, असा अनुभव वारंवार येतो. या अडचणीचे मूळ बहुधा यंत्राच्या बिघाडात नसून ही नियमावली ज्या काळी घडली त्या काळच्या जालाच्या रचनेत आहे.

उगम व विकास : अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने उभारलेल्या आर्पानेट या जालात १९६९ अखेर चार केंद्रे जोडली गेली होती. केंद्रांतील संगणक भिन्न बनावटीचे होते व त्यांच्या फायली साठविण्याच्या पद्धतीही वेगवेगळ्या होत्या. त्यांच्यात देवघेव होण्यासाठी समान नियमांची गरज होती. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत काम करणारे अभय भूषण यांनी १६ एप्रिल १९७१ रोजी आरएफसी ११४ या टिपणाद्वारे असे नियम प्रथम मांडले. भूषण हे कानपूरच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या १९६५ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीचे पदवीधर होत. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने टीसीपी/आयपी ही नवी संदेशवहन पद्धती स्वीकारली. तिला अनुरूप अशी एफटीपीची संहिता जॉन पोस्टेल व जॉइस रेनल्ड्झ यांनी ऑक्टोबर १९८५ मध्ये आरएफसी ९५९ या टिपणात प्रसिद्ध केली. पुढील सुधारणा या संहितेच्या आधारेच झाल्या.

दोन जोडण्या : एफटीपीचे वैशिष्ट्य म्हणजे आज्ञा व मजकूर यांसाठी असलेल्या स्वतंत्र जोडण्या. सर्व्हरच्या २१ क्रमांकाच्या पोर्टवर क्लायंट नियंत्रण-जोडणी करतो आणि तिच्यातून नाव, पासवर्ड व आज्ञा पाठवितो. फाइल किंवा फायलींची यादी मात्र दुसऱ्या जोडणीतून जाते. मूळ पद्धतीत (सक्रिय पद्धत) क्लायंट आपला पत्ता व पोर्ट सहा संख्यांनी कळवितो आणि सर्व्हर स्वतः त्या पत्त्याकडे जोडणी करतो. उदा., १९२, १६८, १, ५, १९५, ८० यांपैकी पहिल्या चार संख्या पत्ता दाखवितात, तर शेवटच्या दोहोंवरून पोर्ट निघतो : १९५ × २५६ + ८० = ५०,०००. कोणताही संगणक दुसऱ्या कोणत्याही संगणकाला थेट गाठू शकतो, हे येथे गृहीत धरले होते.

गृहीतकाला तडा : नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने जालातील हजारो संगणक अडवून धरले. त्यानंतरच्या वर्षांत बाहेरून येणाऱ्या अनाहूत जोडण्या रोखणाऱ्या फायरवॉलचा वापर वाढला. दुसरे कारण पत्त्यांच्या टंचाईचे होते. बत्तीस बिटांच्या पत्त्यांची संख्या सुमारे ४३० कोटींहून अधिक होऊ शकत नाही. म्हणून अनेक संगणकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवणारे पत्ता-रूपांतर (नॅट) मे १९९४ मध्ये मांडण्यात आले. या दोन्ही बदलांमुळे सक्रिय पद्धत कुंठित झाली. सर्व्हरने उलट केलेली जोडणी फायरवॉलला घुसखोरी वाटू लागली आणि क्लायंटने कळविलेला खाजगी पत्ता बाहेरच्या जगात निरर्थक ठरला.

यावरील तोडगा संहितेतच होता. तिच्यातील निष्क्रिय पद्धतीत सर्व्हर आपला पत्ता व पोर्ट कळवितो आणि दोन्ही जोडण्या क्लायंटच करतो. स्टीव्हन बेलोव्हिन यांनी फेब्रुवारी १९९४ मध्ये हीच पद्धत नेहमी वापरावी, अशी शिफारस केली. तथापि त्यामुळे अडचण नाहीशी न होता क्लायंटच्या दारातून सर्व्हरच्या दारात आली.

दोषशोधन : प्रथम अंतर्गत जालातून सर्व्हर चालतो की नाही, हे पाहतात. बाहेरची चाचणी खरोखरच बाहेरून, उदा., मोबाइलच्या स्वतंत्र जोडणीवरून, करावी लागते. कारण आतून सार्वजनिक पत्त्याकडे केलेली जोडणी अनेक राउटर परत आत वळवीत नाहीत. जोडणी तत्काळ नाकारली गेल्यास त्या पोर्टवर सर्व्हर ऐकत नसावा. दीर्घ काळ शांतता राहिल्यास फायरवॉल अडवीत असावी किंवा राउटरने २१ क्रमांकाचा पोर्ट सर्व्हरकडे वळविलेला नसावा. राउटरचा बाह्य पत्ता यासाठी राखीव असलेल्या पत्त्यांपैकी (१००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५) असल्यास सेवा पुरविणाऱ्या कंपनीनेच एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो; मग घरच्या राउटरवरील कोणतीही मांडणी पुरी पडत नाही.

ओळख पटते परंतु यादी येत नाही, हे दुसऱ्या जोडणीच्या दोषाचे लक्षण होय. अशा वेळी सर्व्हरचे २२७ क्रमांकाचे उत्तर तपासतात. त्यात खाजगी पत्ता आढळल्यास सर्व्हरला त्याचा सार्वजनिक पत्ता सांगावा लागतो. तसेच निष्क्रिय पद्धतीसाठी पोर्टांचा मर्यादित पट्टा, उदा., ५०,००० ते ५०,१००, ठरवून तेवढाच फायरवॉल व राउटर या दोहोंत मोकळा करतात.

सुरक्षितता व ऱ्हास : मूळ एफटीपीत पासवर्ड उघड्या स्वरूपात जातो. २००५ मध्ये टीएलएस या सांकेतिक लेखनपद्धतीची जोड प्रमाणित झाली. तथापि नियंत्रण-जोडणीतील पत्ता वाचून तो दुरुस्त करणारे राउटर त्यामुळे आंधळे झाले आणि बाहेरून जोडणी करणे काही ठिकाणी अधिकच अवघड बनले. १९९८ च्या विस्तारातील निष्क्रिय आज्ञेच्या उत्तरात पत्ता गाळून केवळ पोर्ट कळविला जातो, त्यामुळे ही अडचण अंशतः दूर होते. एसएफटीपी ही नावाने सारखी परंतु स्वतंत्र नियमावली २२ क्रमांकाच्या पोर्टवरील एकाच जोडणीतून सर्व काम करते. २०१७ मध्ये डेबियन या मुक्त प्रणालीच्या प्रकल्पाने आपली सार्वजनिक एफटीपी सेवा बंद केली आणि २०२१ मध्ये क्रोम व फायरफॉक्स या ब्राउझरांतून एफटीपीचा आधार काढण्यात आला. परस्परविश्वासावर उभ्या राहिलेल्या लहानशा जालाची ही नियमावली अनोळखी लोकांच्या जालात अर्धशतक टिकली. बाहेरून जोडताना येणारा अडथळा ही त्या स्थित्यंतराचीच खूण होय.