परसांतील खड्डा : पेव कीं युद्धकालीन निवारा ?

जुन्या घराच्या परसांत बुजलेला खड्डा आढळला कीं तो दुसऱ्या महायुद्धांतील निवारा होय, असें सांगण्याची प्रवृत्ति अलीकडे दिसते. कोयनानगरच्या वसाहतींत अशीच एक खांच मला दाखविण्यांत आली आणि मीहि आधीं तें खरें मानलें, हें येथेंच कबूल करितों. कालाचा हिशेब मागाहून सुचला. ही वसाहत धरणाच्या कामासाठीं १९५० नंतर वसली. मग तिच्या परसांत १९४२ सालचा निवारा कोठून येणार?

घरगुती निवारा ही वस्तु मूळची इंग्लंडची. १९३९ च्या फेब्रुवारीपासून तेथें पन्हळी पोलादी पत्र्यांचे निवारे घरोघर वाटले गेले. सर जॉन अँडरसन यांच्या नांवानें ते ओळखले जात. एकंदर संख्या सुमारें ३६ लक्ष. लांबी साडेसहा फूट, रुंदी साडेचार, उंची सहा. पैकीं चार फूट जमिनींत पुरावयाचा आणि वर निदान पंधरा इंच माती घालावयाची. वार्षिक अडीचशें पौंडांहून कमी प्राप्तीच्या कुटुंबास तो फुकट मिळे. आंत पाणी सांचे, ही सार्वत्रिक तक्रार. युद्धानंतर कित्येकांनीं त्याचें अवजारांचें खोपट केलें, म्हणून तिकडील बागांतून तो अजून आढळतो.

आपल्याकडील स्थिति निराळी. ५ एप्रिल १९४२ रोजीं कोलंबोवर व दुसऱ्या दिवशीं विशाखापट्टण आणि काकीनाडा येथें जपानी बाँब पडले. त्या वर्षीं मुंबईंतील पुष्कळ बिऱ्हाडें गांवीं परतलीं. गांव हाच त्यांचा निवारा.

आमच्या भागांत जमिनीखालची खरी जुनी वस्तु म्हणजे पेव. सांगलीजवळ हरिपुरास हळद पेवांत सांठवीत. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढें, पोट मात्र विस्तृत. उघडल्यावर लागलीच कोणी उतरत नाहीं. दिवा सोडून पाहतात, विझला तर थांबतात. आंत जमणाऱ्या वायूनें कीड मरते व माल टिकतो. २००५ च्या महापुरानें यांतील पुष्कळ पेवें निकामी झालीं. "पेव फुटणें" हा वाक्प्रचार तेवढा राहिला. खंदक लांबट, अरुंद, वरून उघडा. पेव वाटोळें व तोंडाशीं आंवळलेलें. खड्ड्याची परीक्षा करणारानें प्रथम हा भेद पाहावा.

कोयनानगरीं आणखी एक अडचण आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपानें घरें पाडलीं. तेव्हां लोक जमिनीखालीं शिरले नाहींत, आढ्यापासून दूर उघड्यावर राहिले. पुढें दगडमाती उपसून पुन्हां बांधकाम झालें. अशा जागीं थरांवरून काल सांगणें धाडसाचें.

मला दाखविलेल्या खांचेच्या तळाशीं पांढरा थर लागला. माझ्या मतें तो चुना भिजविण्याचा खड्डा होय. १९६५ वा १९७१ च्या युद्धकाळीं येथें खंदक खणल्याचा कागद कोणा संग्राहकाच्या दप्तरांत असेल तर त्यानें तो अवश्य प्रसिद्ध करावा. मी माझें मत मागें घेईन.