ऐतिहासिक प्रणयपटांचे संगीत : फलटण, सातारा व सांगली परिसरातील कथावस्तूंच्या संदर्भात

गतकाळात घडणारी प्रेमकथा कादंबरीवरून अथवा नाटकावरून पडद्यावर आणताना तिच्यासाठी योजिलेली गीते, वाद्यसंगीत व पार्श्वसंगीत यांचा विचार येथे केला आहे. अशा चित्रपटांत गतकाळाचा आभास निर्माण करण्याचे काम वेशभूषा, वास्तू व भाषा यांच्याइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, संगीत करते. पगडीची घडण चुकली, तर जाणकार प्रेक्षक ती तत्काळ ओळखतो. परंतु पेशव्यांच्या वाड्यातील प्रसंगात एकोणिसाव्या शतकातील वाद्य वाजले, तरी तोच प्रेक्षक तल्लीन होऊन ऐकतो. काळाशी न जुळणारे हे संगीत काळाचा प्रत्यय कसा देते, हा या विषयातील मुख्य प्रश्न होय. त्याच्या अभ्यासास सातारा व सांगली हे जिल्हे विशेष सोयीचे आहेत. मराठी रंगभूमीची पहिली घडण सांगली संस्थानात झाली; मानापमान या नाटकाचे कर्ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) सांगलीचे; राऊ या कादंबरीचे लेखक ना. सं. इनामदार (१९२३–२००२) खटाव तालुक्यातील गोरेवाडीचे. आणि छावा या कादंबरीचे नायक छत्रपती संभाजी महाराज यांचे आजोळ फलटणचे. या तिन्ही कृतींवर २०१५ ते २०२५ या दशकात मोठे चित्रपट निघाले.

पाश्चात्त्य देशांत हा प्रश्न काहीशा सोप्या स्वरूपात उभा राहतो, कारण तेथे जुने संगीत लिखित स्वरलिपीत उपलब्ध आहे. जेन ऑस्टिन यांच्या प्राइड अँड प्रेज्युडिस या कादंबरीवरील २००५ च्या चित्रपटासाठी दारिओ मारिअनेल्ली यांनी पियानोप्रधान रचना केल्या, त्या बेथोव्हनच्या आरंभीच्या सोनाटांचे वळण समोर ठेवून. ऑस्टिन यांच्या नायिका जे वाजवीत असतील, त्याच्या जवळपासचे काही तेथे खरोखर ऐकू येते. तथापि तेथेही काटेकोरपणा सर्वत्र पाळला जातो असे नाही. थॅकरे यांच्या कादंबरीवरून स्टॅन्ली क्यूब्रिक यांनी बॅरी लिंडन (१९७५) हा चित्रपट काढला. कथानक अठराव्या शतकातील असून त्यातील प्रणयप्रसंगासाठी मात्र शूबर्टचे १८२७ मधील पियानो-त्रयीचे संगीत वापरले आहे. प्रेमातील शोकाचा जो स्वर दिग्दर्शकाला हवा होता, तो त्याला अठराव्या शतकात सापडला नाही. जेथे हवे ते जुने संगीत हाताशी होते, तेथेही भावनेसाठी इतिहासाला बगल द्यावी लागली, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

महाराष्ट्रात तर जुने संगीत हाताशी नाहीच. चाली मुखपरंपरेने चालत आल्या. सार्वत्रिक वापराच्या स्वरलेखनपद्धती विष्णु दिगंबर पलुस्कर व विष्णु नारायण भातखंडे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी रूढ केल्या. (पलुस्करांचे शिक्षण मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे झाले.) पहिल्या बाजीरावाच्या काळी, म्हणजे १७४० पूर्वी, पुण्यात काय ऐकू येत असे, हे केवळ अंदाजानेच सांगावे लागते. चौघडा, सनई, शिंग, पखवाज, डफ ही नावे परिचित आहेत. त्यांतून निघणारे स्वर परिचित नाहीत. आज दरबारी गायनाचे सर्वमान्य रूप समजला जाणारा ख्याल त्या वेळी दिल्लीस मुहम्मदशाहाच्या पदरी नुकता आकार घेत होता. तबला तेव्हा बाल्यावस्थेत होता. रामजोशी, होनाजी बाळा, प्रभाकर यांनी नावारूपास आणलेली लावणी ही उत्तर पेशवाईतील. हार्मोनियमचे एकस्व पॅरिसमध्ये १८४२ साली घेतले गेले. तेव्हा शिवकाल वा पूर्व पेशवाई पडद्यावर उभी करणाऱ्या संगीतकाराला उसनवारी केल्यावाचून गत्यंतर नसते. ही उसनवारी त्याने कोठून करावी, याचे उत्तर मराठी प्रेक्षकाच्या कानाने आधीच ठरवून ठेवलेले आहे. ते उत्तर म्हणजे संगीत रंगभूमी.

सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सीतास्वयंवर हा खेळ केला. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी पुढे शारदा, संशयकल्लोळ यांसारख्या नाटकांतून पद हे संवादाचाच एक भाग बनविले. आरंभीच्या नाट्यपदांवर कीर्तन, साकी, दिंडी यांची छाया होती. या परंपरेला निराळे वळण दिले ते खाडिलकरांच्या मानापमानाने (१९११). किर्लोस्कर नाटक मंडळीने त्याचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत केला. त्याच दिवशी भामिनीची भूमिका करणाऱ्या बालगंधर्वांच्या कन्येचा मृत्यू झाला असताना त्यांनी प्रयोग पार पाडला, ही हकिकत सर्वज्ञात आहे.

मानापमानाचे कथानक कोणत्याही निश्चित ऐतिहासिक काळातील नाही. शूर परंतु निर्धन धैर्यधर, त्याला दारिद्र्यामुळे नाकारणारी आणि पुढे वनमाला या नावाने त्याच्या सहवासात राहून त्याच्यावर अनुरक्त होणारी भामिनी, आणि धनाचा तोरा मिरविणारा लक्ष्मीधर, एवढ्यावर ते उभे आहे. सरदार, छावण्या, रत्नालंकार यांनी एक काल्पनिक गतकाळ उभा केला आहे. संगीत मात्र अगदी ताजे होते. हार्मोनियमवादक गोविंदराव टेंबे यांनी पदांना दिलेल्या चालींत उत्तर हिंदुस्थानातील ठुमरी, दादरा, कजरी या प्रकारांचे रंग होते. १९११ मधील सांगली-साताऱ्याच्या श्रोत्याला ते गाणे जुने वाटण्याचे कारण नव्हते. ते नवे, काहीसे परके व मोहक होते. पुढच्या दोन पिढ्यांनी ती पदे घरोघरी गाईली, ध्वनिमुद्रिकांवर ऐकली, आणि मग तीच पदे जुन्या काळाचा आवाज ठरली. काल्पनिक काळासाठी केलेले समकालीन संगीत कालांतराने खऱ्या गतकाळाची खूण बनले, हा या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा फेरफार होय. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व व केशवराव भोसले यांनी मिळून केलेल्या संयुक्त मानापमानाने या नाटकाभोवती आख्यायिकेचे वलय निर्माण केले.

बोलपट आला, तेव्हा तो रंगभूमीचेच संगीत घेऊन आला. प्रभातच्या अयोध्येचा राजा (१९३२) या चित्रपटाचे संगीत टेंबे यांचेच. हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनीच केली. गाणे चित्रीकरणाच्या वेळीच गावयाचे असल्याने नटाला गळा हवा, आणि गळा असलेले नट नाटक मंडळ्यांतच होते. पार्श्वगायनाची सोय झाल्यावर हे बंधन सुटले, पण कानाची सवय सुटली नाही. व्ही. शांताराम यांच्या अमर भूपाळी (१९५१) या चित्रपटात होनाजीचे कविजीवन व गुणवतीशी असलेला त्याचा अनुराग वसंत देसाई यांच्या संगीतातून साकार झाला. नायकच शाहीर असल्यामुळे येथे गाणे कथेला बाहेरून जोडावे लागले नाही, ही त्याची मोठी जमेची बाजू. हिंदीतही हेच दिसते. इम्तियाझ अली ताज यांच्या अनारकली या नाटकाचा आधार असलेल्या मुघल-ए-आझम (१९६०) मध्ये नौशाद यांनी तानसेनाच्या मुखी बडे गुलाम अली खाँ यांचा आवाज घातला. तानसेन धृपदिया होता आणि खाँसाहेबांचे गाणे ख्याल-ठुमरीचे. पण त्या आवाजात अकबराचा दरबार नाही असे म्हणणारा श्रोता मिळणे कठीण.

नाट्यसंगीताकडे चित्रपट जाणीवपूर्वक परतला तो २०११ नंतर. रवी जाधव दिग्दर्शित बालगंधर्व (२०११) या चरित्रपटात आनंद भाटे यांनी गाईलेल्या पदांनी तरुण प्रेक्षकाला त्या गायकीची ओळख करून दिली. पुरुषोत्तम दारव्हेकर यांच्या कट्यार काळजात घुसली (१९६७) या नाटकावर सुबोध भावे यांनी २०१५ मध्ये चित्रपट काढला. त्यात प्रणय गौण असून घराण्यांमधील स्पर्धा मुख्य आहे; तरीही संगीताच्या दृष्टीने पुढील वाट त्यानेच घालून दिली. जितेंद्र अभिषेकी यांची मूळ पदे आणि शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या रचना त्यात शेजारी शेजारी आल्या, आणि राहुल देशपांडे व महेश काळे यांच्या गळ्यामुळे त्यांतील सांधा बहुतेक ठिकाणी जाणवला नाही. त्याच दिग्दर्शकाने व संगीतकारांनी संगीत मानापमान १० जानेवारी २०२५ रोजी पडद्यावर आणले. धैर्यधराची भूमिका स्वतः भावे यांनी व भामिनीची वैदेही परशुरामी यांनी केली.

या चित्रपटात एक अडचण उघड होते. रंगभूमीवर पदाची लांबी ठरलेली नसे. ‘वन्स मोअर’ मिळाला, की गायक नट तेच पद नव्या ताना घेऊन पुन्हा गात असे आणि नाटक पहाटेपर्यंत चाले. भामिनीचे मन हळूहळू कसे वळते, हे प्रेक्षकाला कळे ते या विस्तारातून. एकाच ओळीचा अर्थ आळवणीगणिक बदलत जाई. चित्रपटात पदाला मिनिटे मोजून मिळतात, आणि उरलेली जागा वाद्यवृंद व समूहगान यांनी भरली जाते. भव्यता वाढते, पण मनाचा पालट ऐकू येण्यास लागणारा अवकाश उरत नाही. परिचित पद सुरू होताच चित्रपटगृहात दाद येते खरी, पण ती बव्हंशी आठवणीला दिलेली असते. गंधर्व नाटक मंडळीच्या साथीला तबल्यावर थिरकवा व सारंगीवर कादरबक्ष होते, ही गोष्ट येथे आठवते. तेवढी मोजकी साथ भामिनीला पुरत असे.

राऊ (१९७२) या कादंबरीवरील संजय लीला भन्साळी यांच्या बाजीराव मस्तानी (१८ डिसेंबर २०१५) या हिंदी चित्रपटाने निराळी रीत अवलंबिली. गीतांचे संगीत स्वतः भन्साळी यांचे व पार्श्वसंगीत संचित बल्हारा यांचे. येथे स्मृतींचे अनेक थर एकत्र आणले आहेत. मस्तानीच्या गाजलेल्या नृत्यगीताचा आरंभ मराठी लोकगायनाच्या ढंगात होतो, त्यात कव्वाली मिसळते, आणि आरसेमहालाचे दृश्य मुघल-ए-आझमची आठवण देते. दुसऱ्या एका गीताची नृत्यरचना पंडित बिरजू महाराज यांची असून ती लखनौ घराण्याच्या कथ्थकाची, म्हणजे मस्तानीच्या निधनानंतर बहरलेल्या शैलीची आहे. इनामदारांच्या कादंबरीतील प्रणय कुटुंब, धर्म व राजकारण यांच्या कोंडीत घुसमटतो. चित्रपटात ती घुसमट संवादांपेक्षा पार्श्वसंगीतानेच अधिक पेलली आहे.

वाद मात्र गीतांवरून झाला. मंगळागौरीच्या खेळातील पिंगा घेऊन काशीबाई व मस्तानी यांना एकत्र नाचविण्यात आले, त्यास पेशवे घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला. या दोन स्त्रिया अशा एकत्र नाचल्या असतील काय, असा प्रश्न होता. पण बोच तेवढीच नव्हती. पिंगा हा बायकांनी बायकांसाठी, घराच्या आत खेळावयाचा खेळ. त्याला लावणीसारखा पेहराव व ठेका देऊन तो प्रेक्षकांसमोर मांडला गेला. मस्तानीच्या कथ्थकातील कालविपर्यासाबद्दल एवढा गदारोळ झाला नाही, कारण कोणाच्याही घरात त्याची आठवण नव्हती. पिंग्याची होती.

फलटणशी निगडित असलेल्या कथेत हाच अनुभव पुन्हा आला. निंबाळकर व भोसले या घराण्यांचा सोयरसंबंध जुना. मालोजीराजांच्या पत्नी दीपाबाई निंबाळकरांच्या. शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई या फलटणच्या मुधोजी नाईक निंबाळकर यांच्या कन्या. शिवरायांची कन्या सखुबाई हिलाही फलटणलाच दिले होते. सईबाई १६५९ मध्ये निवर्तल्या, तेव्हा पुत्र संभाजी सव्वादोन वर्षांचे होते. शिवाजी सावंत यांच्या छावा (१९७९) या कादंबरीवरील लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित हिंदी चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झाला. संगीत ए. आर. रहमान यांचे. संभाजी महाराज व येसूबाई यांच्या स्नेहाचे प्रसंग आधुनिक धाटणीच्या गीतावर उभे केले असून त्यांत महाराष्ट्राचा म्हणावा असा सूर क्वचित येतो; रणप्रसंगी ढोल-ताशांचा गजर तेवढा ओळखीचा. पण चित्रपटाच्या झलकेत संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यावर तीव्र आक्षेप आल्यावर दिग्दर्शकाने ते दृश्य वगळले. लेझीम हा व्यायाम व उत्सव या दोहोंशी जोडलेला मर्दानी प्रकार आहे. सातारा-सांगलीच्या शाळांतून व जत्रांतून तो पिढ्यान्‌पिढ्या खेळला जातो. त्यामुळे त्यात अवमान कोणता, असा प्रतिप्रश्नही झाला. जवळिकीच्या खुणेने एका प्रेक्षकाला नायक आपला वाटला, तर दुसऱ्याला तोच लहान केल्यासारखा वाटला.

मिरजेचे तंबोरे व सतारी यांना २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. ऐतिहासिक चित्रपटांच्या पार्श्वसंगीतात महालाचे दृश्य उघडते, तेव्हा बहुधा तंबोऱ्याचीच आस प्रथम ऐकू येते. सतराव्या-अठराव्या शतकांतील महालांत ठराविक वेळी वाजे तो चौघडा. संगीतकार त्याला लग्नाच्या वा विजयाच्या प्रसंगापुरता बोलावतात, कारण आजच्या प्रेक्षकाच्या कानी तो मांडवाशी जोडला गेला आहे.